गेटाबाहेर जाणारी पावलं

चित्राताईंना नव्या फ्लॅटमध्ये बूड टेकवून बसणं काही जमेना. पिंजौरला यतीनने, म्हणजे त्यांच्या मुलाने, घेतलेलं घर चांगलं ऐसपैस होतं, खिडकीतून डोंगर दिसायचे. पण बाई आपल्या या खोलीतून त्या खोलीत. उभा संसार झाला तो चंदीगडच्या सरकारी क्वार्टरमध्ये. त्यांचे यजमान डॉक्टर कृष्णकांत दीड वर्षापूर्वी तिथेच गेले, आणि मग क्वार्टर सोडावंच लागलं. वडिलांचा विषय निघाला की यतीन "छोड़ो ना आई" म्हणायचा आणि लॅपटॉप उघडायचा.

दुःखाचं वर्ष सरलं, गौरी यायचा दिवस उजाडला, आणि चित्राताईंच्या मनाने घेतलं, की हा पत्ता तिला ठाऊक कुठे आहे? इतकी वर्षं ती क्वार्टरच्याच दारातून आत आली. यतीनला सांगावं तर तो हसणार. म्हणून पहिल्या बसने त्या एकट्याच चंदीगडला गेल्या आणि जुन्या गेटापासून रस्त्याकडे तांदळाच्या पिठाची पावलं काढू लागल्या, वर हळदकुंकू. दरवर्षी आत येणारी काढायच्या, आज बाहेर पडणारी. खुळेपणाच तो, पण जिवाला चैन नव्हतं त्याला काय करणार!

आता या बाईंना कोणी सांगावं, की तिकडच्या लोकांच्या दारापुढे भल्या सकाळी उलटी पावलं आणि कुंकू म्हणजे सरळसरळ करणी! क्वार्टरमध्ये नव्याने आलेली मनप्रीत झाडू घेऊनच धावली.

"टोना कर रही हो? घर में छोटे बच्चे हैं मेरे!"

चित्राताईंनी हात जोडले. आम्ही इथेच राहायचो, आज आमचा सण, यात वाईट काही नाही, हे सगळं हिंदीत सांगताना त्यांची त्रेधा उडाली.

"तो रास्ता किसको दिखा रही हो?"

त्यांना म्हणायचं होतं, देवीला. तोंडून निघालं, "डॉक्टरसाहब को. उन्होंने नया घर देखा ही नहीं."

बोलून गेल्या आणि त्यांनाच धस्स झालं. इतके दिवस जीव कशापायी टांगणीला लागला होता, ते आत्ता कळलं.

मनप्रीतने झाडू खाली ठेवला. मग तिने अवघडून विचारलं, "कैसे थे वो, आंटीजी?"

दीड वर्षात हे त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. चित्राताई तिथेच पायरीवर बसल्या आणि त्यांना हुंदका आवरेना.