चहा होईस्तोवर उघडणारा कॉम्प्युटर

तिवस्याला आईच्या घरी दुपार कधी संपते ते कळत नाही. माघात तर मुळीच नाही. घरामागे दुसऱ्याची संत्र्याची बाग आहे. ती बहारावर आली की तो वास पडद्यातून, उशीतून, अगदी मळलेल्या कणकेतून येतो, आणि जेवून जरा आडवं झालं की आपण जागे आहोत की झोपेत, आपल्यालाच सांगता येत नाही. मी अमरावतीहून दर रविवारी एसटीने जाते ती या दुपारसाठी. आणि त्या कॉम्प्युटरसाठी.

आई जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरीण होती. ती गाणी रचते. पौर्णिमेला आमच्या वस्तीतल्या बाया विहारात जमतात, वंदना झाली की गाणी होतात, आणि तिथला एकच दंडक आहे: म्हणायचं ते स्वतःचं. एखादीने दुसरीचं उचललंच, तर मागून कोणीतरी खाकरतं आणि त्या बाईचा आवाज आपोआप खाली येतो.

गेल्या काही वर्षांपासून आई विसरते. डॉक्टरांनी त्या आजाराचं नाव सांगितलं, आम्ही ते घरात काढत नाही. भाजीत मीठ दोनदा पडलं तर पडलं, खातो आम्ही. पण ओळ सुचते आणि धरून ठेवेस्तोवर निघून जाते, हे तिला सोसत नाही. एकदा तर भांडी घासता घासता त्यापायी रडली. मी म्हटलं, फोनवर म्हणून ठेव. तर म्हणे, फोनसमोर गायलं की पलीकडे कोणी कान लावून बसलंय असं वाटतं. कागदावरचं स्वतःचं अक्षर आता तिला लागत नाही. राहिला तो नोकरीत असताना घेतलेला डेस्कटॉप. कीबोर्ड पिवळा पडलाय, पण त्यावर तिची बोटं न बघता चालतात. नवा आणते म्हटलं, तर तिनं सरळ सांगितलं, "त्या बटनाईची माह्या बोटाईले वळख हाय. नव्याची कोण करून देईन?"

पण तो डबा म्हणजे काय सांगू! उघडायला लागला की उघडतच बसायचा. आई बटण दाबून चहा टाकायला जायची. चहा उकळून, गाळून कपात आला तरी पडद्यावरचं ते गोल चक्र फिरतच असायचं. त्याचं एकदाचं उघडणं व्हायचं तेव्हा ओळ गेलेली. मग मला फोन, की मले काय लिवायचं होतं? आता मला कसं ठाऊक असणार, बाई!

माझं डोकं सणकलं. मी कॉलेजातली कॉम्प्युटर लॅब सांभाळते, जुन्या यंत्रांना पळवणं हा माझा छंद आहे आणि त्याचा मला थोडा माजही आहे. एका रविवारी मी तिची गाणी तेवढी ठेवून कॉम्प्युटरवरचं होतं नव्हतं ते सगळं काढलं आणि लिनक्स नावाची एक हलकी प्रणाली टाकली. चित्र नको, खालची पट्टी नको, घड्याळ नको, उघडतानाचा तो टिंगटिंग आवाज तर नकोच नको. नुसता गडद पडदा आणि माउसचं उजवं बटण दाबलं की चार शब्दांची यादी. चालू केला की लगेच हजर! मी परतीच्या एसटीत खिडकीला डोकं टेकवून स्वतःवरच खूश होते.

सोमवारी फोन आला की तुहं मशीन उघडतच नाही. मंगळवारीही तेच. मी चिडले, म्हटलं माझ्या डोळ्यांनी पाहिलंय उघडताना. तीही चिडली. मास्तरीण आहे ती, खोटं बोलते म्हटलेलं तिला चालत नाही.

पुढच्या रविवारी मी गुपचूप पलंगावर बसून पाहत राहिले. आईनं बटण दाबलं आणि चहा टाकायला गेली. ती स्वयंपाकघरात पोचायच्या आत कॉम्प्युटर उघडला. समोर कोणीच नाही म्हणून वीज वाचवायला त्यानं पडदा काळा केला. तसं मीच करून ठेवलं होतं. आई कप घेऊन आली, पडदा काळा पाहिला, म्हणाली, अजून सुरूच नाही झाला, आणि पुन्हा बटण दाबलं. तो बिचारा आज्ञाधारकपणे बंद झाला. मला इतकं हसू आलं की तिलाही आलं. हसू ओसरल्यावर मी म्हटलं, आई, आधी लिही, चहा मागून कर. ती हळूच म्हणाली, "मले नवं नको शिकवू आता. जे येते तेवढं राहू दे."

काढून टाकायला काय लागतं, कोणीही काढतं. पण त्यातलं कशाला धरून ती रोज त्या खुर्चीपर्यंत येते, ते मी पाहिलंच नव्हतं. मग मी एकेक परत घातलं. पडदा काळा होणं बंद केलं. ते बटण चुकून पुन्हा दाबलं तरी काही होऊ नये असं केलं. उघडला की थेट तिचं शेवटचं गाणं समोर यावं, टपोऱ्या अक्षरात. आणि आवाज. पितळी ताटलीवर लाटणं मारून मी शाळेच्या घंटेसारखा नाद फोनवर धरला आणि तो उघडताना वाजेल असा बसवला. मशीन किंचित जड झालं. होऊ दे! घंटा झाली की आई गॅस बंद करून तरातरा वर्गावर आल्यासारखी यायची, आणि ओळ तिच्यासोबत यायची.

यंदाच्या माघ पौर्णिमेची दुपार. वासानं घर भरून गेलेलं, मी अर्धवट झोपेत. घंटा वाजली. आई आली, चष्मा लावला आणि आधी लिहिलेलं पुटपुटत वाचू लागली.

*बहार आला बागेले, वास आला दारात,*
*माय माही येऊन गेली, दिसली नाही घरात.*

"बेस लिवलं," ती म्हणाली. "कोणाचं हाय वं?"

तुझंच आहे, मी म्हटलं. तिनं वर्गात थाप मारणाऱ्या पोरीकडे पाहावं तसं माझ्याकडे पाहिलं. स्वतःचं असतं तर आठवलं नसतं का, म्हणे. आज विहारात काय म्हणशील, असं मी विचारलं, तर म्हणाली, काहीच नाही, दुसरीचं आपण म्हणत नाही. मी खिडकीशी जाऊन उभी राहिले, कारण मला रडू येत होतं आणि ते तिला दिसायला नको होतं. बागेत मधमाश्या गुणगुणत होत्या.

मागे कीबोर्ड वाजू लागला. आधी थांबत थांबत, मग सलग. मी वळून पाहिलं. दोन ओळींखाली तिसरी आली होती.

*दार नको लावू पोरी, येते माय वाऱ्यात.*

आईनं चष्मा काढला, पदरानं पुसला.

"आता म्हनता येईन मले," ती म्हणाली. "थोडकसं माहं बी हाय त्याच्यात."