भिजवलेली पानं

माळीवाड्याच्या स्टँडवर परवा शेजारी बसलेल्या माणसानं विडी पेटवली आणि मी उठून लांब जाऊन उभा राहिलो. धुराचा मला त्रास नाही. माझं तरुणपण धुरातच गेलं. किळस येते ती त्या धुराच्या पोटात दडलेल्या कुबट, ओलसर वासाची. तो वास आला की सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीचं, दुष्काळानं वाळून कोळ झालेलं नगर पुढ्यात उभं राहतं, आणि त्या नगरात कारखान्याच्या जाजमावर मांडी घालून बसलेला मीही दिसतो.

अकोले तालुक्याच्या डोंगरातून मी नोकरीसाठी नगरला आलो, तेव्हा शहर म्हणजे विजेचे दिवे आणि सिनेमाची पोस्टरं एवढीच माझी समजूत होती. इथं दिसली ती उघडी गटारं, टोपलीचे संडास आणि वारा सुटला की जेवणाच्या ताटावर येऊन बसणारी धूळ. मोठ्या शहरात माणूस गर्दीत लपू शकतो, खेड्यात त्याला निदान चार घरं सावरून घेतात. नगरला यातलं काहीच जमत नसे. कोणी कोणासाठी थांबू नये इतकं ते मोठं होतं, आणि सकाळी कुणी शिंकलं तर संध्याकाळपर्यंत दाळमंडईत कळावं इतकं लहान. अशा गावात बातमीला पाय चटकन फुटतात. ती खोटी असेल तर अधिकच चटकन.

विडीच्या कारखान्यात मी चेकर होतो. बायका घरी वळलेल्या विड्या सुपातून आणून माझ्यापुढे ओतायच्या. मी मूठ भरून बघायचो आणि वाकडी, सैल, तोंड फुटलेली विडी बाजूला फेकायचो. या फेकलेल्या मालाला छाट म्हणत. छाटीची मजुरी बाईला मिळत नसे. आणि दिवस मावळायला आला की कारखान्याचे दिवाणजी तीच छाट चांगल्या विड्यांच्या पोटात घालून बंडलं बांधायला लावत. हे मला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. कळूनही मी पोटभर जेवलो, हेही सांगून टाकतो.

ते जेवण ज्या बाईच्या हातचं होतं, तीही विड्याच वळायची. तिच्या घरची पुढची खोली मी भाड्यानं घेतली होती. मी तिला वहिनी म्हणे, ती मला भाऊ. पाथर्डीकडच्या कोरड्या रानातून ते कुटुंब आलेलं. नवरा मागावर विणकाम करायचा, पण सूत येईना म्हणून माग बंद आणि तो ओट्यावर. घर तिच्या बोटांवर चालायचं. टेंभुर्णीचं पान कोरडं वळायला गेलं तर तडकतं. आधी पाण्यात भिजवून ओल्या फडक्यात बांधून ठेवावं लागतं. त्या उन्हाळ्यात नळाला पाण्याऐवजी नुसता फुसफुस वारा यायचा. एका सकाळी मी पाहिलं, ती हंड्यातलं पिण्याचं पाणी ओंजळीनं पानांवर शिंपडत होती. मला पाहून ओशाळली, त्याच हंड्यातून मला तांब्या भरून दिला. मी तो गटागटा प्यालो.

त्याच दिवशी तिच्या विड्या माझ्यापुढे आल्या. सगळ्यांच्याच विड्यांना तेव्हा कुबट वास यायचा, कारण गोदामातली पानांची पोतीच बुरसटलेली होती. दिवाणजी मागं येऊन उभे राहिले. तोंडात पान. "काय हो, वहिनींच्या सुपाला छाट कमी दिसतीय? घरी तूप जास्त वाढतात वाटतं!"

बायका खिदळल्या. माझे कान तापले. मी एक विडी नाकाशी धरली आणि म्हणालो, "छाट कसली, सगळंच फेकायला पाहिजे. गटाराच्या पाण्यात भिजवलीत पानं."

हे बोलायला मला कुणी सांगितलं नव्हतं.

वहिनी पुढं सरकली. "भाऊ, हंड्यातलं पानी हुतं. सकाळी तुमी त्येच पिलाव न्हवं?"

"मला काय माहीत, तुम्ही काय पाजता ते!"

केवढा हशा पिकला. एकीनं पदर नाकाला लावला, तिचं बघून दुसरीनं लावला. दिवाणजींनी वहिनींचं कामाचं कार्ड त्याच वेळी काढून घेतलं. दुसऱ्या कारखान्यांत ती पोचण्याआधी गोष्ट पोचली होती. सार्वजनिक नळावर तिचा हंडा बायका पायानं सारायच्या. शेवटी नवराबायको पोरांना घेऊन श्रीगोंद्याच्या रस्त्यावर दुष्काळी कामाची खडी फोडायला गेली. आणि त्या 'गटाराच्या' विड्या? संध्याकाळी बंडलांत बांधल्या, लेबलं लावली, रवाना केल्या. मीच मोजून दिल्या. दिवाणजींनी माझ्या पाठीवर थाप मारली तेव्हा अंगावर पाल पडल्यासारखं झालं, तरी मी हसलो.

ते कुटुंब पुढं परत आलं. वहिनी केव्हाच वारल्या. गेल्या महिन्यात गल्लीतल्या एका लग्नाच्या पंगतीत शेजारचा म्हातारा कुजबुजला, "ती बघ, गटारवालीची लेक." समोरच्या ओळीत पिकल्या केसांची बाई जेवत होती. तिनं ऐकलं असावं. मान वर केली नाही. मी भरल्या ताटावरून उठलो आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "ते पाणी पिण्याचं होतं. मी खोटं बोललो होतो."

क्षणभर वाढपी थबकले. मग कुणीतरी हसून म्हणालं, "बसा हो काका, आता काय त्याचं! अरे, मठ्ठा आणा इकडं."

हात धुताना ती माझ्या शेजारी आली. "आमाला ठावं हाय कोनचं पानी हुतं त्ये," ती म्हणाली. "त्या दिशी आमी पोरं पान्याबिगर तशीच ऱ्हायलो. आई म्हनली, पानं वाळत्याल, तुमी दम धरा." एवढं बोलून ती पदराला हात पुसत निघून गेली. तिनं मला शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

आता शहराचं नावसुद्धा बदललं. एसटीवरच्या पाट्या बदलल्या, दुकानांच्या बदलताहेत, माझ्यासारखे म्हातारे अडखळत का होईना नवं नाव घेऊ लागले आहेत. त्या घराला मी दिलेलं नाव मात्र लोकांच्या तोंडी आहे तसंच आहे, आणि ज्यांनी वहिनींना पाहिलंही नाही, ती पोरंही ते सहज उच्चारतात.