पाडव्याला नाव घ्यायची रीत

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. यांना नाही, पोटच्या लेकीला नाही. देवापुढे दिवा लावतानासुद्धा हा विषय मी मनातल्या मनात हळूच बाजूला सारत आले. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही आमच्या आळीतले नाही. आणि लिहून सांगते, कारण तोंडाने सांगायला बसले तर मी मध्येच हसेन — आणि पुढचा भाग हसण्यासारखा नाही.

आमच्या ठाण्यात, खाडीकडच्या आळीत, दिवाळीच्या पाडव्याला बायको नवऱ्याला ओवाळते, पण त्याआधी नवऱ्याने उंबऱ्यात उभं राहून, सगळ्यांदेखत, उखाण्यात तिचं नाव घ्यायचं असतं. बायका नाव घेतात ते सगळीकडेच. पुरुषांनी घ्यायचं, ते फक्त आमच्याकडे. देवळातले पुराणिकबुवा त्याची कथासुद्धा सांगतात — बळीराजा पाताळात गेला, तिथल्या काळोखात त्याला विंध्यावली दिसेना, म्हणून त्याने तिला नावाने हाक मारली, ती तिथी ही. फार छान सांगतात. ऐकताना माझ्याही डोळ्यांत पाणी येतं. पण ही कथा कुठल्याच पोथीत नाही, हे मी छातीवर हात ठेवून सांगू शकते. कसं? सांगते — जरा दमाने घ्या.

माझं माहेर कल्याण. लग्न होऊन ठाण्याला आले तेव्हा लुगडं नेसताना अजून निऱ्या सुटायच्या. हे मिठागरावर कारकून. माणूस लाखात एक, पण वडीलधाऱ्यांपुढे बायकोशी बोलायचं म्हणजे त्यांना मरणच. बोलायचे नाहीत, खाकरायचे. एकदा खाकरले की पाणी, दोनदा खाकरले की पानाचा डबा. लग्नात त्यांनी तांदळात अंगठीने माझं नवं नाव लिहिलं होतं — सीता. पण नंतर ते कुणी तोंडात घेतलंच नाही. सासूबाई सूनबाई म्हणायच्या, दीर वहिनी म्हणायचे, आणि हे खाकरायचे. माहेरचं नाव माहेरी राहिलं, सासरचं तांदळात राहिलं. मग माझं म्हणून काय उरलं होतं?

पहिला पाडवा आला. तबकात निरांजन, अक्षता, सुपारी. हे पाटावर बसणार, एवढ्यात सासूबाईंकडे बघून माझ्या तोंडून निघून गेलं — "आत्याबाई, आमच्या कल्याणला आधी पुरुष नाव घेतात. त्याशिवाय ओवाळत नाहीत." निघून गेलं कसलं? दसऱ्यापासून घोकत होते. कल्याणला असलं काहीही नव्हतं. माझ्या वडिलांनी जन्मात कधी आईला नावाने हाक मारली नव्हती.

सासूबाईंना व्याह्यांकडून नावं ठेवून घ्यायची नव्हती. "मग घे की रे नाव," त्या म्हणाल्या. हे कानांपर्यंत लाल झाले. खूप वेळ खाकरले. आणि मग भिंतीकडे बघत म्हणाले:

"मिठागराच्या बांधावर बगळे बसले चार,
सीतेचं नाव घेतो, सोडा माझं दार."

दार कुणीच अडवलं नव्हतं. पण मला काय त्याचं? 'सीता' हे त्यांच्या तोंडून आलं आणि माझ्या हातातलं तबक कललं, अक्षता सांडल्या. इतका आनंद मला पुढे लेकरं झाली तेव्हाच झाला.

पुढच्या वर्षी ही रीत शेजारी गेली, मग आळीभर झाली. दिवाळी जवळ आली की बाप्ये धक्क्यावर बसून यमकं जुळवायचे. एकाने तर बायकोचं नाव माशांच्या यमकात बसवलं आणि आठवडाभर उपाशी राहिला. मजा होती. माझं खोटं इतकं गोड झालं की ते खोटं आहे हे मीही विसरत चालले. एवढंच असतं तर मी कशाला लिहायला बसले असते?

पलीकडच्या घरात गोदू सून म्हणून आली. तिचा नवरा महादू कल्याणच्या स्टेशनात सांधेवाला — आगगाड्यांसाठी रूळ बदलायचं काम. कष्टाळू, सरळ, आणि बोलताना अडखळायचा. 'ग' तर त्याच्या जिभेवरून सुटायचाच नाही. पाडव्याच्या आदल्या दिवशी गोदू आमच्या ओट्यावर आली. "वयनी, रीत तुमच्या कल्यानची. तिथं कोन मधीच अडकला तं काय करतात वो?"

मला काय सांगता आलं नसतं? नुसतं बायकोकडे बघून हसलं तरी चालतं, असं सांगता आलं असतं. तिनेच आपलं नाव घेतलं तरी चालतं, असं सांगता आलं असतं. एवढी मोठी रीत मी रचली, तिला एक पळवाट ठेवणं जड होतं का? पण सासूबाई शेजारी वाती वळत होत्या. मला वाटलं, अशी सूट दिली तर रीत खोटी वाटेल, माझं पितळ उघडं पडेल. सगळ्यांना कळेल की — की मला नवऱ्याच्या तोंडून आपलं नाव ऐकायची हौस होती. मी म्हणाले, "पुन्हा पहिल्यापासून म्हणतात."

दुसऱ्या दिवशी महादू उंबऱ्यात उभा राहिला. पहिली ओळ सरळ गेली. मग 'ग' आला. पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा 'ग'. आधी पोरं हसली, मग मोठी माणसं. गोदू तबक धरून उभी होती, निरांजनातलं तूप संपत आलं होतं. शेवटी त्याने ओवाळणी तबकात ठेवली आणि ओवाळून न घेताच तो निघून गेला. मी सगळ्यांच्या पुढे उभी होते. एक वाक्य बोलायचं होतं. मी पदर सारखा केला.

तेव्हापासून दर पाडव्याला तो दुसऱ्याची पाळी मागून घेतो आणि कल्याणलाच राहतो. एरवी बायकोवर जीव टाकतो. पण गोदूने नवऱ्याला पाडव्याला एकदाही ओवाळलेलं नाही. तिचे केस आता पांढरे व्हायला लागलेत. त्या दिवशी ती आमच्या दारात येऊन उभी राहते, आमच्या यांचा उखाणा ऐकायला.

यंदाही आली. यांनी नाव घेतलं, सगळ्या हसल्या, आणि मी या वयात लाजले. जाताना गोदू माझ्या पाया पडली. म्हणाली, "आमच्या धन्याचाच चुकला, वयनी. रीत ती रीत."

मी म्हणाले, "हो."