हद्दीच्या दगडांचं सतरावं प्रकरण

रोस्विताला एखादी गोष्ट कळायची राहिली की तिला जेवण गोड लागत नसे. जर्मनीतल्या टानग्रून गावात तिने अडतीस वर्षं पत्रं वाटली. पाकीट कधी कुणाचं उघडलं नाही, पण नुसतं हातात तोललं की आत लग्नाची पत्रिका आहे की वकिलाची नोटीस, हे ती सांगायची आणि क्वचितच चुकायची.

पुढच्या जूनमध्ये गावाला सहाशे वर्षं होणार, म्हणून गावाचं पुस्तक काढायचं ठरलं आणि ते काम निवृत्त रोस्विताच्या गळ्यात पडलं. गळ्यात पडलं हे आपलं म्हणायला. दुसऱ्या कुणाला दिलं असतं तर तिने वर्षभर अबोला धरला असता. ती घरोघर हिंडली, लोकांच्या माळ्यावरच्या पेट्या उपसल्या, थडग्यांवरचं शेवाळ खरवडून नावं वाचली. डोंगरातल्या कथलाच्या खाणी कधी बंद पडल्या, लोहाराच्या घराला सगळे ‘विणकराचं घर’ का म्हणतात, पहिल्या महायुद्धात तोफा ओतण्यासाठी चर्चची मोठी घंटा नेली तेव्हा ती गाडीवर चढवायला गावातला एकही माणूस का सापडला नाही, या सगळ्याचा तिने छडा लावला. बावीसपैकी एकवीस प्रकरणं लिहून झाली. सतरावं तेवढं कोरं होतं.

सतरावं प्रकरण हद्दीच्या दगडांचं. टानग्रूनच्या कुरणांतून आणि जंगलाच्या कडेने असे एकशे बारा ग्रॅनाइटचे दगड आहेत. मोजणी सरकारी माणूस करतो, पण दगड रोवायचा तो गावाने शपथ देऊन नेमलेल्या ‘सातजणांनी’च. रोवण्याआधी ते खड्ड्यात काहीतरी ठेवतात, आणि तेही ठरावीक तऱ्हेने. पुढे एखाद्याने शेजाऱ्याची चार बोटं जमीन ढापायला दगड सरकवलाच, तर खालची खूण त्याला उघडं पाडते. ती खूण कसली आणि कशी मांडतात, हे फक्त सातजणांना ठाऊक. एकाने दुसऱ्याला शपथेवर, तोंडी सांगायचं आणि मरेपर्यंत पोटात ठेवायचं. बायकोजवळसुद्धा ब्र काढायचा नाही.

रोस्विताचे वडील योब्स्ट सातजणांपैकी एक होते. दगडाच्या खाणीत कामाला असलेला अबोल माणूस. फावडं आणि पोतं घेऊन निघाले की लहानगी रोस्विता मागे लागायची. “तीस पावलं मागे हो,” ते म्हणायचे, “आणि तोंड जंगलाकडे.” ती तीस पावलं मोजायची, जंगलाकडे तोंड करायची आणि मान दुखेपर्यंत तिरक्या डोळ्यांनी मागे बघायची. दिसायची ती वडिलांची पाठ.

त्या काळातला एक सल मात्र तिच्या मनात अजून होता. तिची आई चिनीमातीच्या कारखान्यात कपांना निळ्या कडा रंगवायची. रोस्विताच्या भातुकलीसाठी तिने एक अंगठ्याएवढा कप रंगवला होता, निळी कड आणि वर छोटंसं निळं फूल. रोस्विता नऊ वर्षांची असताना आई गेली, आणि महिन्याभराने तिच्याच हातून तो कप फरशीवर पडून फुटला. वडिलांनी तुकडे रुमालात गोळा केले. “दे इकडे, मी बघतो.” त्यानंतर कप काही परत आला नाही. तिने विचारलं की ते एवढंच म्हणायचे, “नीट ठेवलाय.” सगळं घर धुंडाळूनही तो सापडला नाही, तेव्हा तिने ओळखलं की बापाने तो उकिरड्यावर टाकलाय. वडील वारले तरी तिने त्यांना याची माफी दिली नाही. आता पुस्तकाच्या नवव्या प्रकरणात, चिनीमातीच्या कारखान्याबद्दल लिहिताना, तिने तेही लिहून टाकलं होतं: ‘माझ्या आईने रंगवलेला शेवटचा कप माझ्या वडिलांनी फेकून दिला.’

सप्टेंबरात आलुबुखाराचा केक घेऊन ती वेन्झेलच्या दारात उभी राहिली. वेन्झेल सातजणांचा म्होरक्या, वय चौऱ्याऐंशी, तिच्या वडिलांचा जोडीदार.

“केक?” वेन्झेलने भुवया उंचावल्या. “म्हणजे काहीतरी उकरून काढायला आली आहेस.”

“मला काय, माणुसकीने येता येत नाही?”

“माणुसकीने आलीस की पाव आणतेस. केक आणलास म्हणजे दगडांचं विचारणार.”

रोस्विता सरळ खुर्ची ओढून बसली. “हे बघा वेन्झेल, सातजण सातजण म्हणता, पण उरलाय कोण? तुम्ही आणि तुमचा तो मोडका खुबा.”

“आणि आलोइस.”

“आलोइस पोरीकडे म्युनिकला राहायला गेला, त्याला आता स्वतःचं घर कुठलं ते आठवत नाही! उद्या तुमचं काही बरंवाईट झालं तर सहाशे वर्षांचं गुपित तुमच्याबरोबर मातीत जाईल. मला एक पान द्या. अर्धं पान द्या.”

वेन्झेलने केकचा तुकडा सावकाश संपवला. बोटं पुसली. “लिहिलं तर ते गुपित राहत नाही, आणि गुपित राहिलं नाही तर उद्या कुणीही फावडं घेऊन दगड हलवेल. पण तू म्हणतेस तेही खरंय. मला माणूस हवाय.” त्याने बशी बाजूला सारली. “तू हो सातजणांत.”

रोस्विताने चमचा खाली ठेवला. “मी?”

“शपथ घे. सगळं सांगतो. मग मात्र एक अक्षर लिहायचं नाही. अडतीस वर्षं आख्ख्या गावाची पत्रं पोटात ठेवलीस, त्यात हे एक.”

“आणि माझं सतरावं प्रकरण?”

“ते तुझं तू बघ. केक झकास झालाय.”

आठ दिवस तिला सुचेना. शपथ घेतली नाही, तर प्रकरण कोरंच राहील आणि काय आहे ते न कळताच ती मरेल. घेतली, तर कळेल, पण गावाचा इतिहास लिहिणारी बाई गावातली सगळ्यात मोठी गोष्ट जाणूनबुजून गाळणार. वर लोक म्हणतील, रोस्विताला तेवढं जमलं नाही. हे शेवटचं तिला सगळ्यात जास्त झोंबत होतं, हे तिने स्वतःशी कबूल केलं. नवव्या दिवशी ती चांगले बूट घालून सरपंचांकडे गेली, उजवा हात वर केला आणि शपथ घेतली. टानग्रूनच्या सातजणांत बाई आली ती ही पहिली.

ऑक्टोबरात चर्चच्या कुरणाच्या कडेचा एकेचाळीस नंबरचा दगड ट्रॅक्टरचा धक्का लागून कलंडला. सरकारी मोजणीदार आला, त्याने यंत्र लावलं, आकडे टिपले. मग सवयीप्रमाणे तीस पावलं मागे जाऊन जंगलाकडे तोंड केलं आणि डब्यातला पाव खायला लागला.

“हा दगड कुणी रोवला, माहीत आहे?” वेन्झेलने काठीवर रेलत विचारलं.

“कुणी?”

“तुझ्या बापाने. सदुसष्ट साली. मी फावडं धरलं होतं.” त्याने काठीने दगडाखालची माती दाखवली. “मला वाकता येत नाही. हाताने उकर, हळू.”

सदुसष्ट साली आई गेली होती. रोस्विता गुडघ्यांवर बसली आणि ओली माती बाजूला करू लागली.

तिने तिथे काय पाहिलं, ते आम्हा गावकऱ्यांना ठाऊक नाही आणि कधी कळणारही नाही. मोजणीदार नंतर बिअर पिताना एवढंच म्हणाला की आधी त्याला बाईच्या हसण्याचा आवाज आला आणि मग कुणीतरी नाक शिंकरलं. त्याने मान वळवली नाही. वेन्झेलचं बोलणं तेवढं त्याच्या कानावर पडलं. “योब्स्ट म्हणाला होता, तिला सांगू नकोस. तिच्या हाताने निघालं तर निघू दे.” मग सगळं होतं तसं परत मांडलं गेलं आणि दगड वर बसला.

जूनमध्ये पुस्तक निघालं. सतराव्या प्रकरणाच्या पानावर एकच ओळ होती: ‘टानग्रूनच्या हद्दीत एकशे बारा दगड आहेत आणि ते जागच्या जागी आहेत.’ गावाच्या सोहळ्यासाठी उभारलेल्या बिअरच्या तंबूत लोकांनी तिला घेरलं. बेकरीवाला म्हणाला, “रोस्विता, आमच्या आजोबांची तिसरी बायको कोण ते छापलंस, आणि इथे एकच ओळ? निदान मला तरी सांग!”

“तीस पावलं मागे हो,” रोस्विता म्हणाली, “आणि तोंड जंगलाकडे.”

तंबूभर हशा पिकला. नववं प्रकरण त्या दिवशी कुणी नीट वाचलं नाही. छपाईला जाण्याआधी तिथलं एक वाक्य तिने खोडलं होतं आणि त्याजागी दुसरं घातलं होतं. वेन्झेलने घरी जाऊन, चष्मा लावून, तेवढंच शोधून वाचलं: ‘माझ्या आईने रंगवलेला शेवटचा कप माझ्या वडिलांनी नीट ठेवला.’