केळवणाचं केळीबन

अंबरनाथ पूर्वेचे चिंतामणी उपासनी कारखान्यात माल तपासायचे. निवृत्तीनंतर ते शिंपी, आचारी आणि डिझायनर तपासू लागले. त्यांचा शेरा ठरलेला असे: ‘काहीतरी कमी आहे.’ काय कमी आहे, ते मात्र सांगत नसत.

पुतणी ओवीच्या केळवणाला होणारे व्याहीही येणार होते. त्यांच्यासमोर हसं होऊ नये म्हणून काकांनी निमंत्रण एआयकडूनच करून घेतलं आणि शेजारच्या डिझायनर अनुयाकडे नेलं.

‘‘तू फक्त नावं टाक.’’

यंत्राने केळवण या शब्दातली केळी तेवढी ओळखली होती. बागेत नवरी बसली होती आणि दोन माकडं तिला केळं भरवत होती.

‘‘काका, यातले व्याही कोणते?’’

काकांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. ‘‘म्हणजे माल परत?’’

‘‘चित्र परत. तुम्ही त्याला सांगितलंत काय, ते दाखवा.’’

यंत्राला त्यांनी भरभरून लिहिलं होतं. पंगत गच्चीवर बसेल, ओवीला भडक रंग खपत नाहीत, अळूची भाजी काकूच करणार, व्याह्यांना मधुमेह आहे म्हणून चित्रात श्रीखंड नको.

संध्याकाळपर्यंत अनुयाने त्यातूनच गच्चीवरची पंगत काढली. काकांनी ती लगेच व्याह्यांना पाठवली.

‘‘म्हणजे एआयचा उपयोग झाला म्हणायचा!’’

‘‘झाला की. तुम्हाला काय हवंय ते त्याने तुमच्याकडून वदवून घेतलं. मला इतक्या वर्षांत जमलं नव्हतं.’’