नाव कळल्याशिवाय उपटायचं नाही

कामाची इतकी नीट तयारी करायची की ते करायला वेळच उरू नये, ही कला माझ्या थोरल्या साडूंइतकी दुसऱ्या कुणाला साधली असेल असं मला वाटत नाही. ते माझ्या बायकोच्या ताईचे यजमान. बायको त्यांना दाजी म्हणते म्हणून मीही दाजीच म्हणतो. साडू म्हटलं की माणूस उगाच आपल्या बरोबरीचा वाटायला लागतो, आणि दाजींच्या बरोबरीनं उभं राहायची माझी ऐपत नाही. जन्म गेला त्यांचा इथं, कुवेतच्या एका दवाखान्याच्या लॅबमध्ये रक्त तपासण्यात. रिपोर्ट आल्याशिवाय मत द्यायचं नाही ही तिथली शिस्त. ती त्यांनी घरीही आणली. चहा गोड झालाय का विचारावं, तर एक घोट घेतात, ढवळतात, दुसरा घेतात आणि म्हणतात, "पहिल्या घोटात वाटला नव्हता. आता वाटतोय. अजून एक घेऊन सांगतो." तोवर ताईनं कप उचलून नेलेला असतो. एकदा राईच्या फर्निचर बाजारात सोफा बघायला मला बरोबर नेलं. सहा दुकानांतल्या बावीस सोफ्यांवर आम्ही दोघं शेजारी शेजारी, पाच पाच मिनिटं, एक शब्द न बोलता बसलो. सोफा घेतला नाही. माझी कंबर मात्र धरली.

तर अशा माणसाला शेती करायची होती. निवृत्ती ठरली, जूनमध्ये इकामा, म्हणजे इथं राहायचा परवाना, संपणार, आणि परत जायचं कुठे यावर नवराबायकोचं जमेना. ताई पुण्याची. तिला मुलाच्या शेजारचा, लिफ्ट असलेला फ्लॅट हवा होता. दाजींना पाटणजवळच्या गावी वडिलांच्या रानात राहायचं होतं. "रानात काय करणार तुम्ही?" ताई विचारायची. "पिकवणार." "घरातली तुळस तीनदा मेली." "तिला ऊन मिळत नव्हतं." असं वर्षभर चाललं. शेवटी ताईनंच तोड काढली. सबाह अल-सालेममधल्या त्यांच्या इमारतीमागे मालकाची रिकामी जागा होती, आणि तिचा एकेक तुकडा कुणीही भाडेकरूनं भाजी लावायला घ्यावा असं तो बिचारा कधीचा सांगत होता. ताई म्हणाली, "त्यातून मार्चअखेर एका जेवणापुरती भाजी काढून दाखवा. दाखवलीत तर मुकाट गावाला येते. नाहीतर पुणं, आणि पुन्हा विषय काढायचा नाही."

ऑक्टोबरात ऊन जरा नरमलं तेव्हा दाजींनी तुकडा ताब्यात घेतला आणि मला कुदळ दिली. वाळवंटात कसलं आलंय तण, असं मला घरून निघताना वाटलं होतं. पण चार मजल्यांच्या एसींचं पाणी आणि गळक्या टाकीची धार वर्षानुवर्षं तिथंच पडत होती. कमरेइतकं गवत, भिंतीला टेकलेला बोरू, त्यात काटेरी झुडपं, एरंड, आणि मधूनच कुणाची तरी जुनी चप्पल. मी उत्साहानं पहिला झुपका उपटला.

"थांबा. काय उपटलंत?"

"गवत."

"कुठलं?"

"दाजी, गवत."

"गवत हे काय नाव झालं? पेशंटला काय झालंय विचारलं तर आजार झालाय म्हणाल?"

तिथून नियम ठरला की नाव कळल्याशिवाय उपटायचं नाही. प्रत्येक रोपाची एक फांदी लॅबसारख्या छोट्या पिशवीत जायची, पिशवीवर नंबर, तारीख आणि कुठल्या कोपऱ्यातून घेतली ते. फोटो साताऱ्याला त्यांच्या एका शिक्षक चुलतभावाकडे जायचा आणि दुसरा दवाखान्यातल्या एका मित्राकडे, ज्याचे वडील शेतकरी होते. दोन मतं जुळली तर रोप उपटायचं, नाहीतर तिसरं मत. मी एकदा सुचवलं की फोनवर ॲप असतं, फोटो काढला की नाव सांगतं. दाजी शांतपणे म्हणाले, "रिपोर्टखाली सही कोणाची?" मी फोन खिशात ठेवला. इमारतीचा हारिस, म्हणजे राखणदार, इजिप्तचा होता. तो रोज खुर्ची टाकून आमच्याकडे बघत बसायचा आणि म्हणायचा, "हादा कुल्लू हशीश." अरे, हे सगळं गवतच आहे. दाजी त्याला हात जोडायचे आणि पुढच्या पिशवीवर नंबर घालायचे.

खोटं कशाला सांगू, मला हे सोयीचं होतं. शुक्रवारी सकाळी तासभर कुदळीवर हनुवटी ठेवून उभं राहायचं आणि घरी येऊन पाठ दुखते म्हणून आडवं व्हायचं, याला मी शेतकाम म्हणत होतो. पण दाजींना म्हणायला हवं होतं की दाजी, इथं पेरायचे दिवस थोडेच असतात, नोव्हेंबर चाललाय. ते मी म्हटलं नाही. त्यांनाही ते ठाऊक होतं, पण एकोणतीस नंबरवरची मतं जुळत नव्हती. थंडी अशीच गेली. फेब्रुवारी अर्धा संपला तेव्हा जमीन मोकळी झाली आणि दाजींनी दोरी लावून मेथी आणि मुळा पेरला. ओळी अशा सरळ की हारिसनंही खुर्चीवरून उठून बघितल्या. मार्चमध्ये ऊन वाढलं, दोन दिवस धुळीचं वादळ झालं. मेथी पिवळी पडली, मुळ्याला खाली काही धरायच्या आत वर फुलं आली.

मार्चच्या शेवटच्या शुक्रवारी ताई आणि माझी बायको पहिल्यांदाच मागे उतरल्या. दाजींनी शक्य तेवढी मेथी खुडून ठेवली होती. ती माझ्या एका मुठीत मावली असती. दाजी चष्मा पुसत राहिले. तो स्वच्छच होता. ताई ओळींतून चालत गेली, वाकली आणि म्हणाली, "ही घोळ आहे ना?" मेथीच्या दोन ओळींमध्ये लाल देठांची, जाड पानांची ती रानभाजी सगळीकडे पसरली होती.

"नमुना सतरा," दाजी म्हणाले. "नाव पक्कं झालंय. उपटायची राहिली."

ताईनं ओचा केला आणि तो भरून वर घेऊन गेली.

तिनं मूगडाळ घालून, लसणाची फोडणी देऊन भाजी केली. आम्ही चौघं जेवायला बसलो. पहिला घास झाला आणि दाजींनी भाकरी ताटात ठेवली. "एक सांगायला पाहिजे," ते म्हणाले. "ही मी लावलेली नाही. आपोआप आलीय. ही धरू नका."

माझ्या बायकोनं टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला, जसं काही मीच ते बोललो होतो. ताई जेवत राहिली.

"पाणी कोणी घातलं?"

"मी. पण मेथीला."

"बाकीचं रान कोणी काढलं?"

"आम्ही दोघांनी." इथं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी पाण्याचा पेला उचलला.

"उद्या गावाकडे असंच करणार? सगळ्या गावासमोर सांगणार, हे माझं नाही, ते माझं नाही?"

दाजींनी विचार केला. "नसेल तर सांगावं लागेल."

ताईनं त्यांच्या ताटात अजून भाजी वाढली. "आधी संडास-बाथरूम बांधायचं. घरात. अंगणात नाही. मग मी येणार."

दाजींनी खाली बघून सगळी भाजी संपवली, आणि माझी बायको उगाचच दही आणायला आत गेली.

जूनमध्ये आम्ही त्यांना विमानतळावर सोडलं. परतताना पाचव्या रिंग रोडवर बायको म्हणाली, "आपण कुठं जायचं हो?"

"वेळ आहे अजून," मी म्हटलं. ठाण्याच्या फ्लॅटमध्ये भाडेकरू आहेत, मुलीला घर म्हटलं की कुवेतच आठवतं, आणि वेळ आहे असं मी गेली आठ वर्षं म्हणतो आहे. बायकोनं खिडकीची काच थोडी खाली केली. जूनची झळ आत आली, तरी तिनं ती लगेच वर घेतली नाही.