मामांना घरी पाठवणारी ओळ

माझी फजिती मीच सांगून टाकतो, म्हणजे बायकोकडून तिखटमीठ लावून तुमच्यापर्यंत पोचायला नको. चहा घ्या, थंड होतोय.

मी बेंबळीत घरी बसून पुण्याच्या एका कंपनीसाठी कर्नल लिहितो. कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा. गावात हे कुणाला पटत नाही, आणि सासऱ्यांना तर मुळीच नाही. मामा जळकोटचे. बसस्थानकाच्या चौकशी खिडकीत सगळी नोकरी काढून रिटायर झालेले. तुळजापूरचं दर्शन घेऊन चार दिवस लेकीकडं म्हणून आले, ते तीन आठवडे झाले तरी हलेनात. रोज सकाळी माझ्याशेजारी खुर्ची टाकायची आणि विचारायचं, "जावईबापू, आज काय काम हाय?"

एकदा नीट समजावून सांगितलं. "मामा, प्रोसेसरला एखादी आज्ञा झेपली नाही की तो अडतो आणि कर्नलकडं तक्रार घेऊन येतो. त्याला एक्सेप्शन म्हणतात. ती तक्रार निस्तरायचं काम माझं."

"म्हंजी चौकशीची खिडकीच की. त्याला एवढं शिकायला कशाला लागतंय?"

माझं टाळकंच सटकलं. बाकी सगळ्या तक्रारींची सोय मी व्यवस्थित केली होती. राहिली होती ती एकच, अनोळखी तक्रारींची, आणि ती कधी येणारच नाही अशी माझी खात्री! तिथं मी रागाच्या भरात एक ओळ छापायला लावली आणि तक्रार घेऊन येणाऱ्याला जिथून आला तिथंच माघारी धाडला. ओळ होती, 'मामा, आता तरी जावा की घरी.' कर्नल अक्षरं छापतो त्या काळ्या पडद्यावर, म्हणजे कन्सोलवर, देवनागरी उमटत नाही, म्हणून इंग्रजी अक्षरांत. लिहून इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! नंतर काढून टाकणार होतो. तुम्हीसुद्धा असंच म्हणता ना, नंतर काढू?

शुक्रवारी मॅडमना व्हिडिओ कॉलवर काम दाखवायचं होतं. मॅडम म्हणजे माझ्या साहेब, मूळच्या सातारच्या. गावातून काम करायची परवानगी वाढणार की नाही, ते त्यावरच ठरणार होतं. सारिका, माझी बायको, इथल्या शाळेत शिक्षिका. काम बिघडलं तर ती आणि पोरगी बेंबळीत, आणि मी एकटा पुण्यात.

"मामा, आज जरा बाहेर बसता का?"

"बसतो की हितंच. गप बसतो."

माझ्या टेबलावरच्या जुन्या कॉम्प्युटरवर कर्नल महिनाभर बिनबोभाट चालला होता. पण मॅडम म्हणाल्या, "गिऱ्हाईक व्हर्च्युअल मशिनवर चालवणार आहे. तिथं दाखव." व्हर्च्युअल मशिन म्हणजे खऱ्या कॉम्प्युटरच्या पोटात सॉफ्टवेअरनं उभा केलेला खोटा कॉम्प्युटर. मी म्हटलं, त्यात काय एवढं, आणि बटण दाबलं.

आता गंमत बघा. माझा कर्नल सुरू होताना प्रोसेसरला त्याचं तापमान विचारतो. खरा प्रोसेसर सांगतो. खोट्याला कसलं आलंय तापमान? तो अडला आणि अनोळखी तक्रार घेऊन आला. स्क्रीनवर उमटलं, 'मामा, आता तरी जावा की घरी.' मग माझ्याच हुकमाप्रमाणं तो परत त्याच ओळीवर गेला, तिथंच अडला आणि पुन्हा आला. पुन्हा तीच ओळ. डोळ्याची पापणी लवेपर्यंत सगळी स्क्रीन मामांनी भरली.

मामांनी सावकाश चष्मा लावला.

"जावईबापू, ह्ये आमालाच हाय का?"

"छे छे, ही तांत्रिक सूचना आहे."

"एवढ्यांदा?"

घाईनं ती खिडकी बंद करायला गेलो, तर ती स्क्रीनभर मोठी झाली. मामा उठले, आतून पिशवी घेऊन आले. "सारी शाळंतनं आली की सांगा, गेलो म्हनून."

त्या क्षणी मॅडमची भीती संपली आणि सारिकाची सुरू झाली. शिवाय लाजही वाटली. म्हाताऱ्या माणसानं काय वाईट केलं होतं माझं? "मामा, माझं चुकलं," मी म्हटलं, "रागात लिहिलं. पण हा प्रोसेसर सारखा परत येतोय हो, आता मी काय करू?"

मामा दारातच थांबले. "परत येतोय? तुमी त्याला सांगताय तरी काय?"

"काही नाही. आला तिथंच माघारी लावतो."

"आन् त्याला पायजेल काय?"

"तापमान. ते तिथं नाहीच."

"मग न्हाय म्हनून सांगा की. ती गाडी न्हाय, फुडच्या गाडीत बसा. पाशिंजर परत खिडकीवर आला तर चूक खिडकीतल्याची असती."

मी परत कीबोर्डवर बसलो. तापमान शून्य म्हणून त्याच्या हातात ठेवलं आणि अडलेली ओळ सोडून त्याला पुढच्या ओळीवर पाठवलं. चार ओळींचं काम. कर्नल सुरळीत चालू झाला.

"सहा महिन्यांची परवानगी देते," कॉलवरून मॅडमचा आवाज आला. माइक सगळा वेळ चालूच होता. "एका अटीवर. तू काहीही लिहिलंस की आधी मामांना दाखवायचं. मामा, राहाल ना?"

मामांनी पिशवी खाली ठेवली. "ऱ्हातो की. जावयाचीच अडचन म्हनल्यावर."

रविवारी जळकोटहून त्यांचे उरलेले कपडे, गादी आणि उशी एसटीनं आली. उतरवून घ्यायला स्टँडवर मीच गेलो होतो.